निळ्याचं जेवण

बेसा, नागपूर
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

चि. भैरवी,

बाबांचे आशीर्वाद. इकडे पहाटे गारठा पडू लागलाय, गोधड्या बाहेर निघाल्या. तुझ्या रत्नागिरीत अजून पंखा लागत असेल. यमुताई काटोलहून आली आहे, संत्र्यांची थैली घेऊन. फळं अजून थोडी आंबट आहेत, पण ती स्वतः सोलून फोड हातात ठेवते, तेव्हा आंबट म्हणायची सोय नसते. तिनं ऐंशी पार केली तरी या धाकट्या भावाला अजून ‘बारक्या’ म्हणते. सुमंतला हिंगण्याच्या कंपनीत या आठवड्यात सकाळची पाळी आहे. त्याची तब्येत ठीक. तू विचारत नाहीस, तरी मी लिहितो.

निळ्याबद्दल पुढे लिहितो.

काल आमच्या पाचवीच्या पुस्तकातली समुद्राची कविता आठवत बसलो होतो. आमच्या गुरुजींनी समुद्र पाहिला नव्हता, आणि आम्ही तर नदीसुद्धा निम्मं वर्ष कोरडीच पाहिलेली. लाट कशी येते ते दाखवायला गुरुजी धोतराचा सोगा दोन्ही हातांत धरून वर्गभर फिरायचे आणि आम्ही मांडी घालून डोलत डोलत चालीवर म्हणायचो. मला वाटायचं, समुद्र मुळात पांढराच असतो, त्याला फक्त नीळ दिलेली असते. पुढे तू लग्न होऊन आलीस, या शाकाहारी घराच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडलीस आणि तिच्यात तो निळा मासा सोडलास, तेव्हा मी ती कविता अख्खी म्हटली होती. आठवतं? तू हसली नाहीस. ‘बाबा, दुसरं कडवं परत म्हणा,’ म्हणालीस. परत म्हणायला मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. सुमंतची आई गोपिका म्हणायची, ‘कविता पुरे, मटकी निवडा.’

मटकीचं पुढे येईलच.

तू जाताना निळ्याचं जेवण कसं करायचं ते शिकवून गेलीस. बाल्कनीतल्या छोट्या फ्रीजमधून गोठवलेल्या झिंग्यांची वडी काढायची, गाळणीत वितळू द्यायची, सुटलेलं पाणी फेकायचं. मग वाटीत घेऊन वर व्हिटॅमिनचे थेंब घालायचे आणि भिजत ठेवायचं. बर्फात राहून झिंग्यांतलं सत्त्व उतरतं, समुद्रात माशाला जे आपसूक मिळतं ते इथे आपण वरून द्यायचं, हे तू मला बाल्कनीत उभं राहून समजावलं होतंस. वीस मिनिटं म्हणाली होतीस. मी घड्याळ लावत नाही. दोन लांब कविता सावकाश म्हटल्या की तेवढा वेळ होतो. थेंब केशरी, त्यात झिंगेही केशरी होतात. मला तो वेळ फार आवडतो. तू समजावलंस त्यातलं काही मी सोडलं नाही, असं मला वाटत होतं.

परवा तू फोनवर म्हणालीस, ‘बाबा, घर मिळालं. डिसेंबरात येते, निळ्याला घेऊन जाते. चार दिवस राहीन, आत्याबाईंच्या हातची सांबारवडी खाईन.’ मी ये ये म्हणालो. तू विचारलंस, निळा कसा आहे? मी म्हणालो, ‘एकदम मजेत. गुबगुबीत झालाय.’

भैरवी, निळा मजेत नाही.

पावसाळ्यापासून त्याच्या डोळ्यांच्या वर खड्डे पडू लागलेत. आधी टाचणीनं टोचल्यासारखे होते, आता मोहरीएवढे झालेत. डोक्यापासून शेपटीकडे जाणारी अंगावरची रेघ फिकट पडलीय, पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्यानं अर्धवट पुसावीत तशी. मी जवळ गेलो की पूर्वी काचेशी यायचा, आता दगडाआड थांबतो. खातो, पण खाण्यात मन नाही. मला वाटलं पाणी बिघडलं. पाणी बदललं. मग वाटलं थेंब कमी पडतात. दुप्पट घातले. खड्डे वाढतच गेले.

काल सकाळी यमुताई बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली, पदर नाकाला लावून. आल्या दिवसापासून तिचं एकच चाललंय, ‘आपल्या घरात झिंगे! आई वरून पाहून राहिली असंल!’ पण कुतूहल दाबता येत नाही तिला.

‘काहून गा बारक्या, काय करून राहिला?’

‘निळ्याचं जेवण.’

‘ते दिसून राहिलं मले. औषध टाकलं ना त्याच्यात आताच?’

‘टाकलं, भिजलं. आता धुतो.’

‘धुतो?’

‘भिजवलं की पाणी काढून दोनदा धुवायचं असतं, ताई. मटकी नाही का धूत आपण? नाहीतर वास लागतो.’

तिनं नाकावरचा पदर काढला. मग म्हणाली, ‘डॉक्टरनं तुले डोळ्यात औषध टाकून देलं, तर तू घरी येऊन साबणानं तोंड धुशील का? अरे येड्या, सारं औषध मोरीत गेलं! नाग नदीतले मासे पाहून ये एकदा, पहिलवान झाले असतील!’

मी हसलो. ती पण हसली. मग माझं लक्ष गाळणीखाली गेलं. केशरी पाणी जाळीतून खाली चाललं होतं. रोज जात होतं. रोज मी ते पाहत होतो आणि तोंडानं कविता म्हणत होतो.

गोपिका गेल्यावर मी जे काही रांधायला शिकलो ते तिच्या हातांची हालचाल आठवून. भिजवायचं, पाणी टाकायचं, धुवायचं. वितळलेलं पाणी फेकायचं हे तुझं सांगणंही त्या सवयीत बेमालूम मिसळलं. तू ऐकून हसशील, रागावशील, आणि माफही करशील. मला माहीत आहे.

मला लिहायचं आहे ते यापुढचं आहे.

तू सांगून गेली होतीस, अंगावर जरासं काही दिसलं तर लगेच कळवा. धरमपेठेतल्या पियुषच्या दुकानात मोठी टाकी आहे, तो नेईल आणि बरा करेल. मी पहिला खड्डा पाहिला तो रविवार होता. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, मी मजेत म्हणालो. चष्मा नीट नव्हता, खात्री नव्हती, असं काही नाही. मला दिसलं होतं.

मासा पियुषकडे गेला असता तर पुढच्या रविवारी तू पियुषला फोन केला असतास. मला कशाला?

तुमचा कोर्टाचा कागद झाला. सुमंतचं आणि तुझं जे झालं त्यात मी पडत नाही, पडलोही नाही. पण रविवारी फोन वाजतो आणि पलीकडून ‘बाबा’ ऐकू येतं. त्यासाठी मी शनिवारपासून काय बोलायचं ते ठरवून ठेवतो. तू निळ्याची चौकशी करतेस, मग ओघानं माझ्या गुडघ्याची. कधी एखादं कडवं म्हणायला सांगतेस. निळा आजारी आहे म्हटलं असतं तर हे बंद झालं असतं. म्हणून एका मुक्या जिवाला मी आजारी राहू दिलं. तो काचेआडून बघत होता आणि मी तुला सांगत होतो, गुबगुबीत झालाय.

काल दुपारी पाळी संपवून सुमंत घरी आला, त्याला सगळं सांगितलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच तो टाकीसमोर वाकून उभा राहिला. ‘बाबा, काहून नाही सांगितलं?’ म्हणाला. मग, ‘तिला माहीत आहे?’ मी नकारार्थी मान हलवली. ‘मग तुम्हीच सांगा. मी पियुषला फोन करतो.’ रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आज मी न धुता जेवण दिलं. निळा दगडाआडून अर्धा बाहेर आला, थोडं खाल्लं, परत आत गेला.

पियुष दुपारी येऊन पाहून गेला. ‘काका, जीव वाचून जाईल. पण खड्डे भरायला महिने लागतात आणि डाग राहतीलच. इथं नका ठेवू. आणि डिसेंबरची वाट तर बिलकुल नका पाहू, एवढा प्रवास त्याला आत्ता झेपत नाही. बरा झाला की मी ऑक्सिजनच्या पिशवीत घालून विमानानं मुंबईला पाठवतो. भैरवीताई तिथून घेऊन जातील. त्यांना इथपर्यंत यायची गरजच नाही.’

चांगलंच सांगत होता तो. मला हो म्हणायला वेळ लागला. स्वयंपाकघरातून यमुताई ओरडली, ‘हो म्हण ना गा!’ मी हो म्हणालो. उद्या सकाळी तो निळ्याला नेतो आहे. तुला पत्र मिळेल तेव्हा टाकीत नुसतं पाणी असेल.

म्हणजे डिसेंबरात तुला नागपूरला येण्याचं काही काम उरलं नाही. तिकीट काढलं नसलंस तर काढू नकोस, असं मी इथे लिहायला हवं. तसं दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही कागद फाडले. सुमंत म्हणतो, ती आली तर ते चार दिवस मी मित्राकडे राहीन. यमुताई तोवर थांबते म्हणते. सांबाराची, तुझ्या कोथिंबिरीची, जुडी स्वस्त झाली की नाही, ते रोज बघून येते.

काही काम नसताना येशील का?

उत्तर पत्रानंच दे. फोनवर विचारलंस तर मी म्हणेन, ‘नाही जमलं तरी चालेल गं, मी मजेत आहे.’ ते खरं मानू नकोस.

तुझा,
बाबा