बोंड्याले आवतन

मोरबी, २ जुलै

तीर्थरूप बाबांस,
ऋतिकचा शि. सा. न. वि. वि. (याचे पूर्ण शब्द मास्तर शिकवतील त्याआधीच मी आठवीतून शाळा सोडलती, तेव्हा अर्थ तुम्हीच लावून घ्या.)

आणि तो उंदीर नाई. शंभरदा सांगून झालं तरी तुमचं तेच. फोनवर तुम्ही म्हणता उंदीर, मी म्हणतो हॅमस्टर, दोन मिनिटांत आवाज चढतो अन् तुम्ही फोन आईच्या हातात देता. म्हणून आता लिहून राह्यलो. कागदावर तरी तुम्हाले मधात बोलता येत नाई.

उंदराले वीतभर शेपूट राहते. याची शेपटी मटराच्या दाण्याएवढी आहे, शोधली तर सापडेल. आमच्या टाइल्सच्या कारखान्यातल्या साहेबाची बदली झाली. त्याच्या पोरीने हा पाळलता, पण नव्या गावी नेता येत नव्हता. कोण घेते म्हणून साहेबाने विचारलं तर सगळे खाली पाहू लागले. मी हात वर केला. पण खोलीत आम्ही सहा जण अन् बाजूलेच भट्टीची धग. इथे तो जगला नसता. म्हणून पिंजरा मांडीवर घेऊन, दोन गाड्या बदलून, पिपरी मेघेले तुमच्यापाशी आणला. तर तुम्ही ओसरीतच म्हटलं की शाळा सोडली, मोटर वाइंडिंग सोडलं, नागपूरचं गॅरेज सोडलं, आता हे जनावर इथे सोडून चालला, तू काहीच शेवटाले नेत नाईस. ते मले लागलं. मुद्दाम सांगतो, लागलं.

तर ऐका. हे मी सोडणार नाई. मोरबीत बसून त्याले माणसाळवून दाखवतो. हात तुमचे, डोकं माझं.

पहिले चार दिवस कोणी हात लावायचा नाई. अर्ध्या पिंजऱ्यावर पातळ कापड टाका. टीव्हीजवळ ठेवू नका, मांजर फिरते तिथेही नाई. दिवसा तो झोपते, उठवू नका. संध्याकाळी तुम्ही बाजारातून येता तेव्हा तो जागा होते. तेव्हा जवळ बसून हळू आवाजात बोलायचं. काय बोलायचं ते तुम्ही पाहा, वांग्याचा भाव सांगा. मग सूर्यफुलाची एक बी जाळीतून द्या, तीन-चार दिवसांनी दार उघडून तळहातावर ठेवा. वरून हात घालू नका, त्याले ससाण्यासारखं वाटते. नाव बोंड्या आहे, कापसाच्या बोंडासारखा दिसते म्हणून. त्याच नावाने हाक मारा.

राग पुष्कळ आहे तो ठेवा, पण त्याच्या बाजूले थोडी माया बसेल एवढी जागा असू द्या.

तुमचा
ऋतिक


पिपरी मेघे, १३ जुलै

चि. ऋतिक यास चंद्रभानचा आशीर्वाद.
(लिहिणारी तुझी आई कोकिळा. हे सांगत आहेत, मी जसंच्या तसं लिहीत आहे.)

तू मले जनावर शिकवू नको. समुद्रपूरपासून लोक मारके गोऱ्हे टेम्पोत घालून माझ्यापाशी आणतात अन् महिन्याने औताले जुंपायच्या लायक करून नेतात. त्यातल्या एकाने मले चिठ्ठी लिहून शिकवलं नाई. तुझी चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तुझं जनावर मानगुटीले धरून बाहेर काढलं. पहिल्या दिवसांत धरलं नाई तर जनावराले वाटते आपण जिंकलो. तो माझ्या अंगठ्याले कडाडून चावला. माझ्या बाजूले भाजीचं दुकान लावणाऱ्या प्रेमदासने भर बाजारात साऱ्यांले सांगितलं की चंद्रभानले उंदीर चावला. आता पालक घ्यायले आलेली बाई पण आधी माझा अंगठा पाहते.

तेव्हापासून तो भुशातून बाहेर येत नाई. बिया जशाच्या तशा पडून राहतात. मी मुदत देतो अन् दिलेली पाळतो, तुझ्यासारखा नाई. पोळ्यापर्यंत त्याने माणसाच्या हातावर बसावं. नाई बसला तर वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात सोडून देईन, मग तो जाणे अन् तिथले घुबड जाणे.

प्रेमदासच्या फोनवर तू पाच हजार पाठवले, ते त्याच संध्याकाळी परत करायले लावले. तुझा पैसा या घराले नको. आधी एक गोष्ट तरी शेवटाले ने, मग पैशाचं बोल.

भट्टीजवळ काम आहे, पाणी पीत जाजो.

चंद्रभान

(खालचं माझं आहे, हे ह्यांना वाचून दाखवणार नाही. बाजारातून आल्या आल्या रोज विचारतात, त्याने काही खाल्लं का. मी म्हणते, जाऊन पाहा ना. तर म्हणतात, मले काय करायचं. — आई)


मोरबी, २४ जुलै

तीर्थरूप बाबांस,
सा. न., अन् अंगठ्यालेही नमस्कार.

तुमचं पत्र खोलीत सगळ्यांले वाचून दाखवलं. हसलो, ते लपवत नाई. पण मग रागही आला. मी हात लावू नका लिहिलं अन् तुम्ही मानगुट धरली. गोऱ्ह्याले शिंगं राहतात, त्याच्यात मस्ती राहते, म्हणून तुम्ही त्याची मस्ती मोडता. याच्यात मोडायसारखं आहे काय? मुठीत मावते एवढं जनावर, त्याच्यापाशी फक्त भीती आहे.

रूपरावचा काळा गोऱ्हा आठवते का? माणूस दिसला की थरथरे तो. त्याले तुम्ही पहिल्या दिवशी धरलं नव्हतं. बारा दिवस गोठ्यात त्याच्याकडे पाठ करून बसलते. घामाची बंडी गव्हाणीवर टांगून ठेवलती, वास ओळखीचा व्हावा म्हणून. चहा मी आणून देत होतो अन् तुम्ही मले सांगत होते की समोरून येऊ नको, बाजूने ये. त्या बारा दिवसांत मी एकदाही शाळेत गेलो नाई. तुम्ही विसरले असाल. मी त्याच गोठ्यात शिकलो जे काही शिकलो ते.

बोंड्याले तो काळा गोऱ्हा समजा. बस्स. यापुढचं तुम्हाले येते.

मुदत मंजूर आहे. पोळा म्हणता तर पोळा. पण तो हातावर बसला तर प्रेमदाससमोर, भर बाजारात, माझं नाव घेऊन सांगावं लागेल. धुऱ्यावर सोडायची गोष्ट पुन्हा काढू नका. सोडला तर मी त्या घरात पाय ठेवणार नाई, हे आईलेही सांगून ठेवा.

भांडण चालू ठेवा, पत्र बंद करू नका.

तुमचा
ऋतिक


पिपरी मेघे, २५ ऑगस्ट

चि. ऋतिक,
आईचे अनेक आशीर्वाद. आज हे काही सांगायला तयार नाहीत, म्हणून मी एकटीच लिहिते. सगळं वाचल्याशिवाय चिडू नको.

तुझं पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी जुन्या बंडीची बाही टरकावली अन् पिंजऱ्यात नेऊन ठेवली. मग रोज संध्याकाळी पिंजऱ्याकडे पाठ करून मेथीच्या जुड्या बांधत बसू लागले. बाजारात कोणी किती भाव पाडला, कोणत्या बाईने फुकट कोथिंबीर मागितली, सगळं त्याला सांगत. मला इतक्या वर्षांत एवढं सांगितलं नाही. आठ दिवसांनी बोंड्या त्या बाहीत घर करून झोपू लागला. मग जाळीतून बी घेतली. मग तळहातावरून. पोळ्याच्या पाच दिवस आधी त्याने पुढचे दोन्ही पाय ह्यांच्या बोटांवर ठेवले. तेव्हा मी चहा आणला होता, तो थंडगार झाला. हात हलवायला तयारच नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी झाली. हळद-तूप कोमट करून ह्यांनी बैलांचे खांदे चोळले अन् आवतन दिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मग उरलेली वाटी घेऊन घरात आले. मला वाटलं ठेवायला आले. तर पिंजरा उघडला, एका बोटाने बोंड्याच्या खांद्याला हळद-तूप लावलं अन् त्यालाही आवतन दिलं. आपल्या दावणीच्या जनावराशिवाय हे कोणाला आवतन देत नाहीत, तुला माहीतच आहे.

पण त्या एवढ्याशा जिवाचे सारे केस तुपाने चिकटले. तो घाबरा होऊन अंग चाटू लागला. ह्यांना वाटलं पुसून काढावं, म्हणून ओल्या फडक्याने पुसलं. तो भिजला, कुडकुडला अन् गोळा होऊन थंड पडला. मी समजले गेला. ह्यांनी त्याला बंडीत गुंडाळून पोटाशी धरलं अन् तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली आपले बैल प्रेमदासने नेले. चंद्रभान पोळ्याला आला नाही, असं या गावात पहिल्यांदा झालं.

बोंड्या वाचला. पण पहिल्या दिवसासारखा झाला आहे. हात दिसला की किंचाळतो, बाहेर येत नाही. धुऱ्याचं नाव ह्यांनी काढलं नाही. पण पिंजऱ्याकडे पाहतही नाहीत. म्हणतात, माझ्या हाताने जनावर बिघडलं, आता त्याले दुसऱ्या कोणाले देऊन टाक. शेजारच्या मयुरीने मागितला आहे. देऊ का, ते कळव.

जेवत जा. तुझी वाट पाहणं माझ्या सवयीचं झालं आहे, ती सवय मोडू नको.

आई


मोरबी, ३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार. आज तो रागाने करून राह्यलो.

बोंड्याले पाणी लावत नाईत. हे मी लिहिलं नव्हतं, माझी चूक. पण तुम्ही हॅमस्टरची खांदशेकणी कराल हे कोणाच्या डोक्यात येईल? खोलीतल्या लोकांले सांगितलं तर त्यांले वाटते मी बनवून सांगतो. अंघोळ तो रेतीत करते. धाम नदीची बारीक रेती आणा, तव्यावर भाजून थंड करा, वाटीत भरून पिंजऱ्यात ठेवा. तो स्वतः लोळून घेईल. तूपही निघेल.

आता दुसरं. मयुरीले द्यायचा नाई. तिच्या घरचे लोक चांगले आहेत, तरी द्यायचा नाई. तुम्ही काऊन हात टेकून राह्यले? अर्ध्यावर सोडणं हे माझं काम आहे, साऱ्या पिपरी मेघेले माहीत आहे. तुम्ही ते करायचं नाई. तुम्ही सोडू लागले तर मी कोणाशी भांडू?

तुमच्या हाताने बिघडलं तर तुमच्याच हाताने नीट होईल. त्याने एकदा तुमच्या बोटावर पाय ठेवले, म्हणजे वास त्याच्या ध्यानात आहे. बंडीची दुसरी बाही फाडा. पाठ करून बसा. पहिल्या दिवसापासून. तुमची पोळ्याची मुदत मेली. आता मुदत मी देतो, दसऱ्यापर्यंत. अन् मी पण दिलेली पाळतो, आजपासून.

आईले सांगा जेवतो. तुम्ही या पत्राले उत्तर नाई दिलं तरी मी दर आठवड्याले लिहीन, मग पोस्टमनच कंटाळेल.

ऋतिक


पिपरी मेघे, २७ सप्टेंबर

चि. ऋतिक यास आशीर्वाद.
(लिहिणारी आईच. आज हे भरभर सांगत आहेत, माझा हात दुखला.)

तुझी भाषा फार वाढली आहे. बापाले मुदत देते. बरं.

दुसरी बाही फाडली. बंडी आता कामाची राह्यली नाई. रेती धामवरून आणली, भाजली, ठेवली. त्याच्यात तो असा लोळते जसं पावसानंतर म्हशीचं पारडू. एकोणिसाव्या दिवशी हातावर आला. चारी पायांनी. तिथेच बसून तोंड धुतलं, बिया गालात भरल्या, दोन्हीकडून गाल फुगले, अन् मनगटापर्यंत चढून परत आला. प्रेमदास तराजू मागायले आलता, त्याने डोळ्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारात मी सांगितलं की हे जनावर माझ्या पोराने माणसाळवलं, मोरबीत बसून. एकदा सांगितलं. पुन्हा सांगणार नाई.

आता एक विचारायचं आहे. तेलाच्या डब्याचं झाकण अन् फवारणी पंपाचा जुना छर्रा, म्हणजे बेअरिंग, घेऊन मी त्याले पळायले चाक केलं. चांगलं पळते. पण कुईकुई वाजते. तुझ्या आईची झोप होत नाई, अन् ते वाजायचं थांबलं की माझी होत नाई, वाटते याले काय झालं. मशीनचं ऑइल टाकावं म्हटलं, पण तो चाटेल. मागच्या वेळी मी न विचारता केलं अन् काय झालं तुले माहीत आहे. म्हणून विचारतो. चाकाले काय लावू ते लिहून कळव. तोवर मी काही लावत नाई.

चंद्रभान


मोरबी, ६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि. (अर्थ इथल्या एका बाबूने सांगितला. डोक्यासकट आठ अंगांनी नमस्कार. एवढा वाकणार नाई, पण लिहायले काय जाते.)

मशीनचं ऑइल नको. खोबरेल तेल घ्या. काडीने एक थेंब, तो पण मागच्या बाजूने छऱ्यावर, जिथे त्याची जीभ पुरत नाई. जास्तीचं कोरड्या कापडाने पुसून टाका. कोरड्या. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक थेंब. झाकणाची कड हाताले लागत असेल तर घासून घ्या. चाक मी केलं असतं तर असंच केलं असतं, फक्त थोडं मोठं.

बाजारात सांगितलं ते एकदाच पुरे आहे. दिवाळीले मी येईन असं धरून बसू नका. सुट्टी मागितली आहे, मिळाली तर बोंड्याले पाहायले येईन, तुम्हाले नाई. ओसरीत काही बोलायचं असेल तर आतापासून ठरवून ठेवा, मीही ठरवून येतो. अन् हातावर तो माझ्याही बसला पाहिजे, म्हणून माझी एक जुनी बनियान वेगळ्या पार्सलने पाठवतो. धुतली नाई. आईले म्हणा, तू पण धुवू नको, फाडून पिंजऱ्यात ठेव.

तुमच्याशी भांडायची मले गोडी लागली आहे, ती तुटू देऊ नका.

तुमचा
ऋतिक

ता. क. – तेलाचे पैसे पाठवतो. प्रेमदासच्या फोनवर नाई, तिथून तुम्ही संध्याकाळपर्यंत परत फिरवता. या पाकिटातच नोट आहे. ती तुम्हाले नाई, घरालेही नाई, बोंड्याले आहे, अन् दुसऱ्याच्या नावाचा पैसा परत करायचा हक्क तुम्हाले नाई. त्यालेच नको असेल तर त्याने तसं सांगावं. वीस रुपये.