वर गेलो, भिंत होती

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार (दोन्ही पाय घट्ट धरून केलेला आहे, कारण पत्र अर्ध्यावर आलं की तुम्ही उठून जाल अशी शंका आहे).

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला, की तो त्या मुद्दाम काढतात हे तुमचं मत अजून कायम आहे? निवृत्त झाल्यावर तुम्ही बाग केलीत असं आईकडून कळलं, फार बरं वाटलं. तीस वर्षं महामंडळाच्या खरेदी विभागात सह्या करून झिजलेला हात आता झारी धरतो आहे, याहून दुसरं सुख कोणतं? माझी प्रकृती उत्तम आहे. छातीत डावीकडे दुखतं, पण ते डॉक्टरांच्या अखत्यारीतलं दुखणं नाही. त्याचं पुढे येईल.

आधी आनंदाची बातमी. मामा, तुमच्या भाच्याचं लेखन संसदेत वाचलं गेलं. पुन्हा एकदा वाचा, मी थांबतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडलं तेव्हा (सोडलं म्हणजे दोन मार्कांवरून वाद झाला, प्राध्यापकांचा डस्टर खिडकीबाहेर गेला आणि त्याच्या मागोमाग मी) सगळं घर म्हणत होतं की या पोराच्या हातून एक ओळ धड लिहून होणार नाही. तुम्ही एकटेच वेगळं बोललात. "याचं डोकं लिफ्टसारखं आहे," म्हणालात, "बटण दाबायचा अवकाश, वर गेलंच." आणि बहुधा त्याच विचाराच्या ओघात शब्द टाकून मला महामंडळात लिफ्टमन म्हणून चिकटवलंत.

आता ती लिफ्ट तुम्ही स्वतः कधी चालताना पाहिली नाहीत, म्हणून सांगतो. आपली नवी इमारत सहा मजली होणार होती. लिफ्ट आधी आली, मजले मागून येणार होते. तळमजला झाला, पहिल्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि निधी आटला. कंत्राटदार भला माणूस. जाताना वरच्या मजल्यावरचं लिफ्टचं तोंड त्याने विटांनी बांधून टाकलं, कोणी पडू नये म्हणून. तेव्हापासून लिफ्ट वर जाते, दार उघडतं, समोर भिंत. दार लागतं, लिफ्ट खाली येते. बावीस सेकंद वर, बावीस सेकंद खाली (मीच मोजलीत, वेळ होता). मेकॅनिकने सांगून ठेवलं होतं की रोज तीन फेऱ्या मारा, नाहीतर यंत्र गंजेल. त्या मी मारत असे, आणि मारल्या की नोंदवहीत लिहीत असे. तारीख, वेळ, प्रवासी, शेरा, सही, असे पाच रकाने. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "वर गेलो. भिंत होती. खाली आलो." पुढची दोन वर्षं त्यात बदल करावा असं काही घडलं नाही. सहीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला कमी पडलो. तुमची सही म्हणजे आधी एक अंडं, मग तीन उड्या, आणि शेवटी मागे वळून स्वतःलाच चावणारी शेपटी. "वाचता आली तर ती सही कसली, ते नाव झालं," असं तुम्ही मला पहिल्या दिवशी कानात सांगितलं होतंत. माझ्या सहीचं नावच राहिलं. स्वच्छ वाचता येतं.

आणि मग ती आली. ऑडिटच्या पथकात चार जण होते. तिघं पुरुष फायली मागवून गारठलेल्या खोलीत बसून राहिले. ती एकटी इमारतीतून वहीपेन्सिल घेऊन हिंडली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत नक्की काय करता?" मामा, मला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. आईनेसुद्धा नाही. (आई विचारते, पण तिच्या विचारण्याला चाल वेगळी असते.) मी दीड तास उत्तर दिलं. तिने सगळं टिपून घेतलं. मग म्हणाली, "मला वर जायचं आहे." मी म्हटलं, वर काही नाही. ती म्हणाली, "तेच बघायचं आहे." बावीस सेकंद आम्ही दोघं. दार उघडलं. तिने भिंतीला बोट लावून पाहिलं, बोटाला लागलेली सिमेंटची भुकटी रुमालाला पुसली आणि "खाली चला" म्हणाली. बावीस सेकंद पुन्हा. त्या दिवशी प्रवाशांच्या रकान्यात मी पहिल्यांदा एक हा आकडा लिहिला. सहा दिवस पथक होतं. छातीतलं दुखणं तेव्हाचं.

पुढे ऑडिटचा अहवाल छापून आला आणि त्यात चार ओळींचा एक परिच्छेद निघाला: महामंडळाने नसलेल्या मजल्यांसाठी लिफ्ट घेतली, तिच्यावर माणूस नेमला, खर्च निष्फळ. तो माणूस मी! मी अहवालाचं ते पान लिफ्टमध्ये चिकटवलं. (मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन फाडलं, तेव्हा ते दोन वर्षांत पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढले. वर न जाताच उतरले, म्हणून फेरी नोंदवली नाही.) सरकारी पैसा कुठे गेला हे विचारणाऱ्या संसदेच्या लेखा समितीने तो परिच्छेद सुनावणीला घेतला आणि साहेबांची झोप उडाली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली (खुर्ची!) आणि कोरी नोंदवही पुढे सरकवली. "हे बघ, दोन वर्षं नव्याने लिहून काढ. रोज सरासरी शेहेचाळीस प्रवासी. झालं की तुला कायम करतो." कायम, मामा! कायम नोकरी नसलेल्या मुलाला कोणता बाप मुलगी देतो? मी लगेच लिहायला बसलो. तीन पानं लिहिली. शेहेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एका दिवशी दया येऊन एकोणचाळीस. मग उत्सुकतेने जुन्या वहीची पुढची पानं उलटत तिच्या तारखेवर आलो आणि हात थांबला. त्या दिवशी माझ्या लिफ्टमध्ये एकच माणूस चढलं होतं. तिच्या आजूबाजूला आणखी पंचेचाळीस जण कोंबायचे? माझं डोकं फिरलं. मी जुन्या वहीला नव्या वहीचं तपकिरी कव्हर घातलं आणि साहेबांना म्हटलं, झालं साहेब.

समितीची खोली म्हणजे घोड्याच्या नालेसारखं टेबल, प्रत्येकापुढे माइक आणि पाण्याचा पेला. एका बाजूला आमचे साहेब आणि अकरा अधिकारी, त्यांच्यामागे फायलींच्या दोन ट्रंका घेऊन मी (रिकामा माणूस मी एकटाच होतो). अध्यक्षस्थानी एक पिकल्या केसांच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्या डाव्या हाताला ऑडिटवाले, आणि त्यांत शेवटच्या खुर्चीवर ती. अध्यक्षबाईंनी लिफ्टचं विचारलं तेव्हा साहेब घसा साफ करून म्हणाले की तपासणीला एक नवखी मुलगी आली होती, तिला लिफ्टमधलं काही कळलं नाही, लिफ्ट भरून वाहते आहे, ही घ्या नोंदवही. ती खाली मान घालून बसली. नोकरीला लागल्यावरचा तिचा पहिला परिच्छेद होता तो, मामा. खोटा ठरला असता तर पुन्हा कोणी तिला लिहू दिलं नसतं. अध्यक्षबाईंनी वही उघडली आणि मोठ्याने वाचू लागल्या, "वर गेलो. भिंत होती. खाली आलो." पान उलटलं. "वर गेलो. भिंत होती. खाली आलो." बाईंचं वाचन फार उत्तम. चौथ्या पानाला एक झोपलेले सदस्य जागे होऊन "वा!" म्हणाले.

साहेबांचा चेहरा पाण्याच्या पेल्यासारखा पारदर्शक झाला. म्हणाले, "बाई, हे एका अर्धशिक्षित माथेफिरूचं लिखाण आहे, आणि त्यावर विसंबून त्या मुलीने परिच्छेद रचला. दोघंही सारखेच!" दोघंही. आमची जोडी एका वाक्यात आजवर कोणी घेतली नव्हती, त्याबद्दल मी साहेबांचा आजन्म ऋणी राहीन. पण तिला तसं म्हटलं म्हटल्यावर बटण दाबलं गेलं आणि डोकं वर गेलं. मी ट्रंकेवर चढून ओरडलो, "ती एकटी वर येऊन भिंत बघून गेली! तुम्ही कधी बघितलीत?" अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे कोण?" मी म्हटलं, "माथेफिरू, बाई. वहीत सही आहे, वाचता येते." त्या म्हणाल्या, "आधी खाली उतरा. आणि हे काय लिहिलंय? प्रवासी एक. वर गेलो, भिंत होती, आज बरी वाटली. दुसऱ्या दिवशी, वर गेलो, भिंत होती, ती खाली होती, लगेच खाली आलो. ही ती कोण?" मी म्हटलं, "ते ऑडिटच्या कक्षेत येत नाही, बाई." सगळे हसले. तिथे बोललेलं अक्षर न् अक्षर लिहून घेतात, त्यामुळे माझ्या वाक्यापुढे कंसात 'हशा' असं छापून येणार आहे. किती लेखकांच्या नशिबी हे असतं? तिच्या मात्र पेन्सिलीचं टोक मोडलं. नंतर व्हरांड्यात मी ट्रंका ओढत असताना ती जवळून गेली, थांबली आणि म्हणाली, "तुमच्या नोंदी खऱ्या होत्या, म्हणून माझा परिच्छेद टिकला." मामा, माझी छाती त्या ट्रंकेएवढी झाली होती. अजून तेवढीच आहे.

आईला एवढंच सांगा की मुलाने नाव काढलं. मामींना नमस्कार, धाकट्यांना पाठीत एकेक धपाटा.

तुमचा (आता छापील)
भाचा

ता. क. लिफ्टमनचं पद एक तारखेपासून रद्द झालं. नोंदी खऱ्या असल्यामुळे दुसरा इलाज नव्हता, असं समितीने लिहिलं आहे. माझ्याबद्दल संसदेने 'खऱ्या' हा शब्द वापरला, हे आईला आधी सांगा आणि नोकरीचं मागून.

दुसरा ता. क. एक गोष्ट अभिमानाच्या भरात राहूनच गेली. सुनावणीच्या शेवटी फायलीतून लिफ्टच्या खरेदीचा जुना आदेश बाहेर निघाला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "खाली ही सही कोणाची?" साहेब म्हणाले वाचता येत नाही. अकरा अधिकाऱ्यांच्या हातांतून कागद फिरला, एकालाही वाचता आली नाही. मी ट्रंकेपाशी उभा, दुरूनच पाहिलं: अंडं, तीन उड्या, शेपटी! मामा, हजारात ओळखेन. मी ताठ उभं राहून सांगितलं, "ही माझ्या मामांची सही आहे." तुमचं नावही आता तिथे कायमचं नोंदलं गेलं.

तिसरा ता. क. त्यानंतर ती स्वतः वही घेऊन माझ्याकडे आली. मामांचं पूर्ण नाव काय, निवृत्त कधी झाले, हल्ली कुठे असतात, तुमचं नातं नक्की कसं, असं घरच्यासारखं सगळं विचारलं. मी तिने न विचारलेलंही सांगितलं, मामींच्या नावावरच्या प्लॉटसकट, म्हणजे घराणं कळावं. माझ्या मते बोलणी सुरू झाली आहेत. तुम्हाला समितीचं बोलावणं या महिन्यात येईल. गुडघ्याचं निमित्त सांगू नका, अवश्य या, चांगला कोट घाला. अध्यक्षबाईंच्या डाव्या हाताला शेवटची खुर्ची. तुमचं विचारून झालं की तिच्या वडिलांचा पत्ता तेवढा मागून घ्या, आणि कुठे सही करायची वेळ आलीच, तर या खेपेला वाचता येईल अशी करा.