फरशीला तीन हात

चिमणे,

चपला बाहेरच काढ आणि भिंतीच्या कडेकडेने ये. फरशी अजून चिकट आहे. चूक माझीच. फरशीच्या दगडात डाग मुरू नयेत म्हणून सीलर आणलं. डब्यावर लिहिलं होतं, एकदाच लावा आणि दगडाने शोषून उरलेलं लगेच पुसून घ्या. पण चाळीस वर्षं भिंती रंगवलेला माणूस मी, लावलेलं पुसायला हात धजतो होय? एकावर एक तीन हात दिले. आता सगळं पांढुरकं होऊन बसलंय.

दुकानदार म्हणाला, "काका, तेच सीलर पुन्हा पातळ लावा. जुनं मऊ पडलं की कोरड्या फडक्याने रगडून काढा." हसू नकोस, स्वयंपाकघरातलं निघालंय. डबा संपला म्हणून दुसरा आणायला चाललोय. फरशीवर पाणी ओतू नकोस. दूध तापवून ठेवलंय.

आणि एक. तू दुसरीकडे राहायला जाणार म्हणालीस आणि मी नको ते बोललो, त्याला महिना झाला. तेव्हापासून तू आलीस की सरळ तुझ्या खोलीत जातेस, असंच मी धरून चाललो होतो. काल संध्याकाळीही दार लोटून आत पडून होतो. आज सकाळी फरशीवर तुझी पावलं उमटलेली दिसली. माझ्या दारापर्यंत आलेली, तिथे जोडीने थांबलेली, मग परत फिरलेली.

बाकीचं सगळं रगडून काढतो. दारातली ती दोन मात्र राहू देणार आहे.

पुढच्या वेळी दार ढकल गं. मी कडी लावत नाही.

बाबा