सप्तरंगी पद्धत आणि मी

६ जानेवारी, सकाळी
नव्या वर्षाचा संकल्प. पाच दिवस उशिरा, पण पक्का. यंदाचा नवोपक्रम पुरस्कार माझाच. १४ फेब्रुवारीला विस्तार अधिकारी मॅडम वर्ग बघायला येणार. त्यांना पटलं की मार्चमध्ये थेट अहिल्यानगरला सादरीकरण. माझा मेहुणा श्रीमंत, तोही मास्तरच, मागच्या वर्षी जाऊन आला. तेव्हापासून सासरी त्याला चहा कपबशीत मिळतो आणि मला स्टीलच्या पेल्यात. हे थांबलं पाहिजे.

विषय हाताशी आहे. ऊसतोडीच्या टोळ्या आल्यापासून माझ्या चौथीत अख्खा देश बसतो. गावातली बागायतदारांची मुलं, खर्ड्याकडची टोळीवाल्यांची, नंदुरबारकडची भिल्लांची, शिवाय पाणीपुरीवाल्या यादवांचा लवकुश. (नाव दोघांचं, मुलगा एकच. नशीब माझं.) पद्धतीचं नाव ठरलं: सप्तरंगी सहअध्ययन. पद्धत अजून ठरायची आहे.

७ जानेवारी
चार संस्कृती, चार सतरंज्या. प्रत्येकाला आपल्या माणसांत मोकळं वाटावं हा हेतू. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तर सगळी सरमिसळ. चौकशी केली. दोन सतरंज्या बॅटिंगवाल्यांच्या, एक बॉलिंगवाल्यांची आणि चौथीवर ज्यांना कुणी खेळायला घेत नाही ते. उद्यापासून कडक धोरण.

८ जानेवारी
कडक धोरण पुढच्या आठवड्यापासून. आज प्रत्येकाचं त्याच्या भाषेत स्वागत. मोबाईलवरून अहिराणी शिकून घेतली. नंदुरबारच्या रंजिलाला विचारलं, कसं काय शे? ती घाबरून दाराकडे बघायला लागली. तिच्या घरी भिली बोलतात, अहिराणी नाही, हे लवकुशनं मला समजावलं. मग लवकुशला हिंदी कविता म्हणायला सांगितली. तर म्हणाला, सर, मी हितलाच हाय, कोपरगावचा, मराठीतली सांगा की. आजकालच्या मुलांना आपली मुळंच माहीत नसतात. खेद वाटला.

१० जानेवारी
आवाज पूर्ण बसला. ओरडण्यामुळे नव्हे, हवामानामुळे. वर्गात बाजार भरलेला. शेवटी राजेश्वरी उठली. दहा वर्षांची, खर्ड्याची, वडील टोळीचे मुकादम. म्हणाली, सर, तुमी बसा. मी लावते टोळी कामाला. मी उदार मनानं परवानगी दिली.

१३ जानेवारी
माझ्या पद्धतीला यश! राजेश्वरीनं पुस्तकाचं पान उघडलं आणि जाहीर केलं, ह्यो आजचा फड. प्रत्येक ओळ म्हणजे उसाची एक सरी. एकेकाला एकेक सरी नेमून दिली, लागा म्हणाली. ज्याची सरी आधी संपेल त्यानं मागं राहिलेल्याच्या सरीला हात लावायचा, हा टोळीतला नियम म्हणे. गावातला पार्थ रंजिलाच्या ओळीला लागला, रंजिला लवकुशच्या. कोण कुठला, हे तासभर कुणाच्या लक्षातच नव्हतं. रंजिला चक्क मोठ्यानं वाचत होती! आनंदानं मला खुर्चीत बसवेना. पार्थची आजी बायडाबाई डबा द्यायला आली होती. दारातून म्हणाली, मास्तर, गोंधळ न्हाई, आज आजारी हाय का वर्ग?

वहीत नोंद: मी घातलेल्या पायाची फळं दिसू लागली.

१६ जानेवारी
राजेश्वरीनं विचारलं, सर, तुमी मोकळेच हाय का? हो म्हणालो. तिनं माझ्यापुढे पेन्सिलींचा ढीग ठेवला. टोळीत कोयत्यांना धार लावायला एक माणूस लागतोच म्हणाली. मुलांनी एवढ्या विश्वासानं काम सोपवावं! यालाच बालस्नेही वातावरण म्हणतात. अंगठा सोलला.

२३ जानेवारी
शाळेत पोचायला उशीर. मोटारसायकल पंक्चर (खरं तर झोप). राजेश्वरीनं सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या येळेवर या, फड थांबत न्हाई. वक्तशीरपणाचं मूल्य मुलांत किती खोल रुजवलंय मी!

२४ जानेवारी
वेळेवर गेलो. ती बरं म्हणाली. दिवसभर छान वाटत होतं.

५ फेब्रुवारी
अहवाल पूर्ण. मुखपृष्ठावर कोटातला माझा फोटो. बायकोला वाचायला दिला. पंकजा म्हणाली, ह्यात त्या पोरीचं नाव कुठंय? तिला शैक्षणिक दृष्टी नाही. परिशिष्टात 'विद्यार्थी सहभाग' असा शब्द घातला आहे.

१३ फेब्रुवारी
उद्या मॅडम. राजेश्वरीला स्पष्ट सांगितलं की उद्या तिनं इतरांसारखं हाताची घडी घालून बसायचं. मग टोळी कोण चालवणार, तिनं विचारलं. मी म्हणालो, मी. तिनं माझ्यापुढच्या पेन्सिली बाजूला सरकवल्या. मग म्हणाली, जमंल का?

हसलो. पंधरा वर्षांची सेवा आहे.

१४ फेब्रुवारी, दुपारी
मॅडम आल्या. मी हात वर केला. शांतता होईना. टाळ्या वाजवल्या. मुलांना वाटलं गाणं आहे, त्यांनीही वाजवल्या. सप्तरंगी तक्ता उलगडला, तो परत गुंडाळला गेला. लवकुश खिडकीत. राजेश्वरी हाताची घडी घालून बसलेली, अगदी सांगितल्याप्रमाणे. शेवटी जागेवरूनच हळू विचारलं तिनं, सर, लावू का? काय करणार, लाव म्हणालो.

पुढचा अर्धा तास वर्ग असा चालला की मॅडम लिहायचंच विसरल्या. त्यांनी रंजिलाला विचारलं, हे कुणी शिकवलं? राजेश्वरीनं. मग सर काय करतात? रंजिला, जी जानेवारीत तोंड उघडत नव्हती, ती खणखणीत आवाजात म्हणाली, सर चांगले आहेत, सांगितलेलं ऐकतात.

मॅडमना हसताना चष्मा काढून पुसावा लागला. पण निवड झाली! ५ मार्च, अहिल्यानगर. सादरीकरण: राजेश्वरी. माझ्या नावापुढे लिहिलंय: सोबत. सोबत तर सोबत. सासरी कळवलं. पेढे वाटले. नवा शर्ट शिवायला टाकला.

२४ फेब्रुवारी, सकाळी
कारखान्याचं गाळप बंद. टोळी निघाली. अड्ड्यावर धावत गेलो. ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, बाजली, सगळं चढलेलं. तिच्या वडिलांना, कानिफनाथ मुकादमांना, हात जोडून म्हणालो, फक्त पाच मार्चपर्यंत थांबा, पोरगी माझ्या घरी राहील. ते म्हणाले, फड संपला सर, आता गावाकडं आमची वाट बघत्यात. मॅडमना फोन केला. राजेश्वरी नसेल तर यादीतली पुढची शाळा जाईल म्हणाल्या. पुढची शाळा म्हणजे श्रीमंतची.

ट्रॅक्टरचा दांडा धरून उभा राहिलो. पुरस्कारासाठी नव्हे. खोटं कशाला, थोडा पुरस्कारासाठीही. पण त्या पोरीशिवाय आता वर्गात पाय कसा ठेवायचा, याचीच खरी भीती वाटली. असं कुठल्याच साहेबासमोर वाटलं नव्हतं.

मुलं तिला निरोप द्यायला आली होती. राजेश्वरीनं पार्थला बाजूला घेतलं. आता काहीतरी माझ्याबद्दल चांगलं सांगेल म्हणून मी जवळ सरकलो. ती म्हणाली, मुकादमकी आता तुझ्याकडं. रंजिलाची टोळी उद्या जानार, तवर तिला शेवटची सरी दे. लवकुशला खिडकीपासनं लांब बसव. आन् सरांना एकदम मोठं काम देऊ नगं. शिकतील हळूहळू.

ट्रॅक्टर निघाला. पार्थनं माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाला, चला सर, उशीर झालाय.