येसाजी रावजी दोनदा

सोमवार, ३ फेब्रुवारी
आले एकदाची महाडला! वरंध घाटाने पोटातलं सगळं ढवळून काढलं, पण बिरवाडीतली खोली झकास आहे. घरमालकीण राहीबाईंनी पोचल्या पोचल्या तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे ठेवली. त्यांचे यजमान राजेशभाऊ आमच्याच औषध कारखान्यात आहेत. माझं काम सोपं: कुठल्या यंत्रावर कोण, याची साधी यादी काढायची. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मंगेशने ती माहिती आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबलीय. या शहाण्याने तक्ता करायचा सोडून प्रत्येक कामगाराची वेगळी चौकट काढली आणि तिथून त्याच्या यंत्रापर्यंत रेघ ओढली! छापली तर चाळीस पानं, आणि धड वाचता एकही येत नाही.

बुधवार, ५
अहवाल निघाला, पण नावांऐवजी नुसते आकडे. कुठला आकडा कुठली चौकट, हे दुपारभर जुळवत बसले. त्यात ‘येसाजी रावजी कदम’ दोनदा. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं तेच. मंगेशची आणखी एक करामत. एक चौकट पुसून टाकली.

गुरुवार, ६
सकाळच्या पाळीत सेंट्रीफ्यूजने, म्हणजे ओली पावडर गरगर फिरवून पिळणाऱ्या यंत्राने, येसाजीला आत ओढलं. हात खांद्यापासून उपटला, मग डोकं. रक्त छतापर्यंत उडालं. मी पाहिलं.

त्याची आई तुळसाबाई फाटकापाशी रडत सांगत होती, की नातवाला आज्याचं नाव ठेवायची त्यांच्यात रीत आहे. आजा येसाजी रावजी, मुलगा रावजी येसाजी, नातू पुन्हा येसाजी रावजी. आजाही इथलाच कामगार, सहा वर्षांपूर्वी वारला. म्हणजे मी जिवंत नातवाची चौकट पुसली. योगायोग असणार. असायलाच हवा.

शुक्रवार, ७
चौकट गेली, पण तिची रेघ यंत्राला लोंबकळत राहिली. आज आपोआप दुसऱ्या चौकटीला चिकटली. अहवालात फक्त ११८. नाव शोधेपर्यंत खालून किंकाळी — ११८ म्हणजे कामगार मालोजी. त्याच, वीज तोडलेल्या यंत्राने ओढला. कमरेपासून दोन तुकडे. हे मी केलं.

शनिवार, ८
रेघ पुन्हा सरकली. १३१ — राजेशभाऊ! पुसली तर परत येते. कुणाला तरी बांधायलाच हवी — येसाजीच्या आज्याची चौकट अजून आहे. मेलेला पुन्हा काय मरणार?

बांधली. राजेशभाऊ सुखरूप. रडू आवरेना.

दुपार
अहवाल परत काढला. या वेळी आकडा नाही, चक्क नाव: येसाजी रावजी कदम — हजर.

खाली आरडाओरडा. हाडं मोडल्याचे आवाज —

राजेशभाऊंचा फोन. म्हणाले, “मॅडम, माफ करा वो. म्हातारा कामावर आलाय. नातवाचं नाव कुनी पुसलं, इचारतोय. माजा हात पिळला, मी तुमचं नाव सांगितलं.”

माझ्या दाराची कडी उपटली — म्हातारा.

पाया पडले. नाव परत लिहिते म्हटलं. ऐकत नाही. एकच विचारतोय, कंच्या हातानं पुसलंस गो. याच हाताने — याच, ज्याने मी आत्ता लिहि