हीटरचा दिवा विझेपर्यंत

८ डिसेंबर, सोमवार
आज पुन्हा उठली नाही. किल्ली फिरवली, टक् टक्, आणि गप्प. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. बॅटरी तर दिवाळीतच नवी टाकली.
मंदार ऑफिसला निघताना काचेशी वाकून म्हणाला, "बाबा, चौदा वर्षांची डिझेल गाडी आहे. दमली ती. सोडा आता." मी म्हटलं, दमलीय, मेली नाहीये. बोलून गेलो आणि जीभ चावली. कुमुदला, त्याच्या आईला, जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.
त्याची विजेवरची नवी गाडी बावीस तारखेला येणार. सोसायटीत आमचं पार्किंग एकच, चार्जरचा पॉइंटही तिथेच. शेवटी असं ठरलं: रविवारी, २१ ला, माझी गाडी एका किल्लीत लागली तर बाहेर रस्त्याकडेला ठेवायची, पुढच्या वर्षी पासिंगही करून घ्यायचं. नाही लागली तर सोमवारी भंगारवाला.
लेकरू वाईट नाही. पण 'भंगार' हा शब्द त्याने किती सहज...

९ डिसेंबर
सकाळी नेहमीसारखा गाडीत जाऊन बसलो. मग शेजारच्या जाधवांच्या गाडीवरून केबल लावून चालू केली. मीटर लावला. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठणठणीत. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं हेच केलं, अल्टरनेटर टेस्टिंगच्या बेंचवर. पट्टा घट्ट. अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली. दोष सापडत नाही.
ऊन चांगलं पडलं होतं. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो.

११ डिसेंबर, गुरुवार
सिद्धार्थ आला. पूर्वी कंपनीत माझ्याच लाइनवर होता, आता काळेवाडीत स्वतःचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. कानाशी केस पिकलेत त्याचे, तरी मला अजून 'साहेब'च म्हणतो.
गाडी बंद असताना कुठे करंट गळतोय का पाहिलं. एकेक फ्यूज काढत गेला. काही नाही. म्हणाला, "साहेब, ही तर आपल्यापेक्षा धडधाकट आहे राव!" हसलो खरा.
बॅटरी चार्जिंगला दुकानात घेऊन गेला. पार्किंगमध्ये बॉनेट उघडं. बघवेना. वर आलो.

१३ डिसेंबर
बॅटरी बसवली काल संध्याकाळी. आज सकाळी बसलो. दुपारी पाहिलं तर १२ व्होल्टच्याही खाली, पुन्हा उतरलेली. सिद्धार्थला फोन केला तर त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. मग, "उद्या येतो. तुम्ही गाडीला हात लावू नका."

१४ डिसेंबर, रविवार
सिद्धार्थने आज बॉनेट उघडलंच नाही. शेजारच्या सीटवर बसला.
"साहेब, गाडी रोज चालवता?"
म्हटलं, हो तर. सांगवीपर्यंत चक्कर असते.
त्याने खिशातून दुकानाचं कार्ड काढलं. गाडी हातात घेतली की तो किलोमीटर लिहून ठेवतो, ही सवय मीच लावलेली. ११ तारखेचा आकडा आणि समोरच्या मीटरवरचा आकडा एकच. दिवाळीत बॅटरी टाकली तेव्हाचा आकडाही तोच.
"सकाळी इथं बसून करता काय?"
सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. किल्ली अर्धी फिरवतो, डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा लागतो, विझला की किल्ली मागे, पुन्हा पुढे. दहा-बारा वेळा. इंजिन लावत नाही.
तो रागावला नाही. हळूच म्हणाला, "दिवा विझला तरी आतले हीटर तापतच राहतात, साहेब. तेच बॅटरी खातात. आणि इंजिन लागत नाही म्हटल्यावर भरणार कशी?"
कंपनीत माल रिजेक्ट झाला की फॉर्मवर दोषाचा पहिला रकाना असे: ऑपरेटर. मशीन नंतर. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं त्यात लिहिली.

१५ डिसेंबर
लिहूनच टाकतो.
कुमुदला तिच्या गावच्या गुरुजींची एक कविता पाठ होती. त्यांनी स्वतःच रचून फळ्यावर लिहिलेली, छापलेली कुठेच नाही. सहा ओळींची. मला शाळेतल्या पुस्तकांतल्या कितीतरी येतात, पण ही तिची. थंडीच्या दिवसांत मी दिवा विझायची वाट बघायचो, आणि ती शेजारी म्हणू लागायची:
कौलांवरती बसली पिवळी उन्हे पाय सोडून...
चौथ्या ओळीपर्यंत दिवा विझे. मी किल्ली फिरवी. शेवटच्या दोन ओळी इंजिनाच्या आवाजात बुडत. "अहो, पुरी तर होऊ द्या!" मी म्हणे, तुम्हा दोघांना सोडून कंपनी गाठायचीय.
चौदा वर्षं. शेवटच्या दोन ओळी मला येत नाहीत. सकाळी तिथे बसलो की वाटतं, आता आठवतील.

१७ डिसेंबर
सिद्धार्थचा हुकूम: दिवा विझताक्षणी इंजिन लावायचं आणि रोज अर्धा तास चालवायची. काल नि आज आळंदीपर्यंत जाऊन आलो. मीटरवर १२.६. गाडी सुधारतेय.
मी चौथ्या ओळीवर किल्ली फिरवतो. पूर्वीसारखाच.

१८ डिसेंबर
आज राहवलं नाही. सहा वेळा दिवा लावला. ओळी नाही आल्या. मग लाज वाटली, गाडी काढली, मोशीच्या पुढे लांबवर नेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार
जानेवारीतली ती सकाळ. कुमुदला दवाखान्यात न्यायचं होतं. शालीत गुंडाळून बसवलं. दिवा लागला. ती म्हणाली, "आज तुम्ही म्हणा."
मी म्हटलं, आधी पोचू.
परत येताना ती सीट रिकामी...
मंदार मागे बसला होता तेव्हा. त्याने ऐकलं असेल. कधी बोलला नाही. मीही नाही.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी सात. मंदार शेजारी येऊन बसला, तिच्या जागी. म्हणाला, "बाबा, मला आनंद होत नाहीये यात."
किल्ली अर्धी. पिवळा दिवा. सवयीने तोंडातून सुरू झालं, जरा मोठ्यानेच. चौथी ओळ आली:
थांब जरासा, हाक मारते सांज अंगणातून
दिवा विझला. किल्ली पूर्ण फिरवली. लागली. एका किल्लीत. सगळी गाडी थरथरली आणि मी मंदारकडे वळून पाहिलं, तर त्याचे ओठ हलत होते. दोन ओळींइतके. शाळेत असल्यापासून मागच्या सीटवर तिच्या मानेशी डोकं टेकून असायचा तो. तिथून ऐकू येत असेल.
इंजिन बंद करून विचारावंसं वाटलं. पण बंद केली आणि पुन्हा लागलीच नाही तर?
आळंदीपर्यंत गेलो. परत येऊन बाहेर रस्त्याकडेला लावली. इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.
तो पट्टा सोडून दार उघडत होता. मी म्हटलं, "थांब जरासा."