सातव्या बोअरच्या पेट्या

४ सप्टेंबर

बारावा बोअरही रिकामा. चारशे दहा मीटर, आणि तांब्याचा एक ठिपका नाही. आमचा ड्रिलर गानतुमुर याने मशीन बंद केलं, हेल्मेट काढलं, म्हणाला, "बाई, खाली दगड आहे. एवढं तरी आपण नक्की सिद्ध केलं!" हसू आलं. असा माणूस कॅम्पवर असणं हे नशीबच.

संध्याकाळी उलानबातरहून साहेबांचा फोन. आणखी एकच बोअर, ऑक्टोबरच्या आत. त्यातही काही निघालं नाही तर कॅम्प उठवायचा. कायमचा. एकवीस माणसं.

जेवताना सांगितलं. आचाऱ्याने न विचारता सगळ्यांना पुन्हा मटण वाढलं.

५ सप्टेंबर

आज वारा नाही. गरम पाण्याने केस धुतले. आणखी काय हवं!

७ सप्टेंबर

शेवटचा बोअर कुठे घ्यायचा? नकाशा म्हणतो, पश्चिमेला. एप्रिलमध्ये सातव्या बोअरला तांब्याची शीर लागली – चार मीटरची, सुरेख. ती पश्चिमेकडे उतरते, असा निष्कर्ष मीच काढला. म्हणून आठ ते बारा, पाचही बोअर पश्चिमेला. पाचही रिकामे.

म्हणजे शीर आणखी खोल आहे. किंवा मध्येच तुटली आहे. किंवा पंचवीस वर्षं गोबीत दगड फोडूनही मला काही कळत नाही.

९ सप्टेंबर

सातव्या बोअरच्या पेट्या पुन्हा शेडमध्ये मांडायला सांगितल्या. त्सेवेलमाताईंनी मांडल्या. वय सासष्ट, गुडघे गेलेले. शेळ्या मुलावर सोपवून चार वर्षं त्या आमच्याकडे कोअर धुतात – जमिनीतून निघालेले दगडाचे गोल दांडे ब्रशने घासायचे आणि क्रमाने पेटीत लावायचे. एक तुकडा कधी हरवलेला नाही.

मी भिंग घेऊन बसले. त्या मागे उभ्या. मग पेटीकडे बोट दाखवून –

"पोरी, कोरड्या नदीला पूर येऊन गेला की काय बसतं आधी?"

"गोटे."

"मग?"

"खडी. मग रेती."

"बारीक रेती सगळ्यात वर. शेळ्यांमागच्या पोरांनाही ठाऊक असतं. मग इथे गोटे वर कसे?"

मी समजावलं. इथे जमिनीला घडी पडली, ताई. घडी कलंडली, थर उलटे झाले. त्यावर अहवालात बारा पानं लिहिलीत मी.

"बारा पानं! म्हणजे जमिनीनेच कोलांटी मारली म्हण. मला वाटलं, पेटीने मारली."

रागावले मी. तुमचं काम धुण्याचं, असं काहीसं बोललेसुद्धा. त्यांनी खारा चहा करून आणला, माझ्यापुढे ठेवला आणि गेल्या.

१० सप्टेंबर

एप्रिलमधलं वादळ. शेडचं छप्पर उडालं, सातव्याच्या नऊ पेट्या उलथल्या. दांडे वाळूत पसरले, खुणा पुसल्या गेल्या. दोन दिवस गुडघ्यांवर बसून ते मीच परत लावले, तुटलेल्या टोकाला तुटलेलं टोक जुळवत. शेवटचा तुकडासुद्धा चपखल बसला. किती खूश झाले होते!

बसणारच. अख्खी ओळ उलट्या टोकाने लावली तरी तुकडे एकमेकांत बसतातच. वर कुठलं, खाली कुठलं हे मी ठरवलं. बाण मी काढले.

आज बाकीच्या अकरा बोअरचे दांडे पाहिले. सगळीकडे गोटे खाली, रेती वर. उलटे थर फक्त सातव्यात, फक्त त्या नऊ पेट्यांत. हे आधीही दिसत होतं. 'घडीची दुसरी बाजू' म्हणून पुढे गेले. बारा पानं लिहिली होती ना!

दांडे उलटे, म्हणजे शिरेचा उतारही उलटा. शीर पूर्वेला उतरते.

पाच बोअर. दोन हजार मीटर. तिच्याकडे पाठ करून.

११ सप्टेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले –

"वादळामुळे झालं असं लिहा."

"वादळाने पेट्या पाडल्या. लावल्या मी."

"हट्टी आहात." मग, "घ्या पूर्वेला. तुमच्याबद्दल हंगाम संपल्यावर बोलू."

नोकरी राहील न राहील. तरी कित्येक दिवसांनी जेवणाला चव लागली. त्सेवेलमाताईंची माफी मागितली. म्हणाल्या, "तू रागावलीस तेव्हाच कळलं, तुला पटलंय."

१४ सप्टेंबर

मशीन पूर्वेच्या घळीत हलवलं. जागा नेमकी त्सेवेलमाताईंच्या हिवाळी मुक्कामापासून दोनशे पावलांवर आली. दगडी आडोसा, आत चार पिढ्यांच्या लेंड्यांचा हातभर जाड थर. बाहेर उणे तीस असलं तरी शेळ्या त्यावर उबेत झोपतात. असा थर विकत मिळत नाही, उचलून नेता येत नाही.

विचारलं, चालेल ना ताई?

"एक भोकच ना? पाडा."

मशीन सुरू होण्याआधी त्यांनी लाकडी चमच्याने दूध उडवलं, आकाशाकडे आणि जमिनीकडे. गानतुमुर म्हणाला, "ताई, थोडं मशीनवरपण उडवा. तेही म्हातारं झालंय."

"मशीनला डिझेल पाज. तुझ्यासारखं ते दुधावर कुठे भागवतं!"

२२ सप्टेंबर

दोनशे दहा मीटर. काही नाही. गानतुमुर विनोद करत नाही.

२६ सप्टेंबर

लागली!

दोनशे अडुसष्ट मीटरपासून तीनशे नऊपर्यंत. सलग एक्केचाळीस मीटर! ओल्या दांड्यावर ऊन पडलं आणि तांब्याचं खनिज पिवळं चमकलं. गानतुमुरने मला उचललंच. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला! आचारी पळीसकट धावत आला.

साहेब फोनवर ओरडत होते. पुढच्या वर्षी चार मशीनं. रस्ता. पूर्वेची सबंध घळ ताब्यात घ्यावी लागेल, तिथल्या कुटुंबाला दुसरी जागा बघून देऊ. कॅम्प राहणार. एकवीसचे साठ होतील. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे मीही राहणार.

कोणाकोणाचे आभार मानू? गानतुमुरचे. न विचारता वाढणाऱ्या आचाऱ्याचे. न थांबलेल्या म्हाताऱ्या मशीनचे. आणि सगळ्यांच्या आधी त्सेवेलमाताईंच्या नजरेचे.

२८ सप्टेंबर

ताईंकडे गेले. म्हटलं, त्या दिवशी तुमच्या नजरेला पडलं म्हणून वाचलो सगळे.

"त्या दिवशी? मी एप्रिलमध्येच पाहिलं. तू वाळूत बसून उलटं लावत होतीस, मी तुला तुकडे देत होते."

मी पेटीच्या कडेवर टेकले.

"पश्चिमेला खणत होतीस, पोरी. माझ्या घळीपासून लांब. मी कशाला बोलू?" ब्रश पाण्यात बुडवून त्यांनी पुढचा दांडा घेतला. "मग तू म्हणालीस, कॅम्प उठणार."